पेटी क्रमांक अकरा

हिपोलित कंपाउंडर सकाळभर दवाखान्यात
खोकल्याचं लाल औषध मापून द्यायचा.
दुपार कलली की मच्छरदाणीची जाळी खांद्यावर टाकून
सांग्याच्या बाजारातून निघायचा,
आणि सोड्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडायचंच,
चल्लो पळय, पिसोळीं धरूंक!

मागून मी, बाटली घेऊन.
बाटलीच्या तळाशी प्लास्टर, प्लास्टरमध्ये मुरलेला
नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा गोडसर वास.
माझं वय दहा. माझं काम, झाकण.
"उघड" म्हणाला की उघडायचं,
"बंद" म्हणाला की बंद करून
मनात वीसपर्यंत मोजायचं, आणि बघायचं नाही.

मी बघायचे.
फार फडफडत नाही ते.
आधी पाय आवरून घेतं,
मग कुणी हाक मारल्यासारखं थांबतं
आणि थांबूनच राहतं.

काजूच्या दिवसांत आम्ही घोटणेच्या माळावर.
हुर्राकात गूळ आणि काळं पडलेलं केळं कालवून
तो किंदळीच्या बुंध्याला ब्रशनं फासायचा.
अंधार पडला की पतंग यायचे,
सोंड सोडून प्यायचे, झिंगून तिथंच बसायचे.
उरलेला हुर्राक हिपोलित प्यायचा.
सायन्सांत कांयच फुकट वचना गो बाय.

एका रात्री पेट्रोमॅक्ससमोरच्या चादरीवर
जेवणाच्या ताटाएवढा पतंग येऊन बसला.
ह्याला तोंडच नसतं, तो कुजबुजला,
सुरवंट असताना जे खाल्लं
त्याच्यावरच उरलेला आठवडा काढतो.
त्याला त्यानं बाटली दाखवली नाही.
मला वाटलं, दया आली.
बाटलीत मावतच नव्हता, म्हणून.
दवाखान्यातली सिरिंज खिशातच होती.

घरी भेंडाच्या फळीवर पंख ताणायचे,
कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे,
आणि टाचणीत, खाली, नखाएवढी चिठ्ठी.
घोटणेचा माळ, सांगे. तारीख. हि. फु.
चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे मढं, म्हणायचा.
चिठ्ठी असली तर साक्षीदार.

मग एका श्रावणात पेटी क्रमांक अकरा.
डांबरगोळ्या होत्या, चारी कोपऱ्यांत.
तरी प्रत्येक पंखाखाली चिमूटभर भुकटी,
आणि भुकटीत हलणारं काहीतरी,
तिळाएवढं, तपकिरी, केसाळ.
हिपोलित भिंगातून खूप वेळ बघत राहिला.
मला वाटलं आता शिव्या देईल, किंवा रडेल.
त्यानं चिमट्यानं एक उचलला,
कागदाच्या त्रिकोणावर डिंकानं चिकटवला,
आणि सुबक अक्षरात लिहिलं:
स्थळ, माझं घर, पेटी क्र. ११.
अन्न, चौतीस फुलपाखरं.
मग त्याला पेटी क्रमांक बारात ठेवलं.
आम्ही दोघं इतके हसलो
की शेजारची आवेलीन काठी घेऊन बघायला आली.

तो गेल्यावर पुतण्यानं घर विकलं.
पेट्या कुणाला नको होत्या, माझ्याकडे आल्या.
बस स्टँडमागं माझं ब्लाउजचं दुकान,
माळ्यावर कापडाच्या तागांशेजारी एकोणीस पेट्या.
काम वाढत गेलं. मी उघडल्या नाहीत.

माळ खाणीत गेला.
चढताना जिथं धाप लागायची
तिथं आता खोल हिरवं पाणी आहे,
आणि रस्त्याकडेच्या पानांवर बारमाही तांबडी धूळ.

परवा उघडल्या.
त्यांनी सगळं खाल्लंय. पंख, मिशा, तो ताटाएवढासुद्धा.
टाचण्या मात्र ओळीनं उभ्या,
वर काही नाही, खाली चिठ्ठी.
घोटणेचा माळ. घोटणेचा माळ. घोटणेचा माळ.

एक टाचणी मी कामाला घेऊन बघितली.
फार बारीक. अस्तरसुद्धा धरत नाही.

तिसऱ्या पेटीत, डावीकडे, एका चिठ्ठीवर
हि. फु. आणि कुंदा.
तिथं वर काय होतं, आठवत नाही.
तो "बंद" म्हणाला असणार,
मी झाकण लावलं असणार,
वीसपर्यंत मोजलं असणार.